खिळ्यांत घुबड नव्हतं

साखर पेठेतल्या आमच्या छापखान्यात
लग्नपत्रिका, विड्यांची लेबलं
आणि चादरवाल्यांची पावतीपुस्तकं, एवढंच चालायचं.
एक दिवस डॉक्टर भूदेवी इराबत्ती आल्या,
कापडी पिशवीत चारशे पानं.
म्हणाल्या, 'घुबड आहे का हो तुमच्या खिळ्यांत?'

गणपती होता. स्वस्तिक होतं.
मोर होते, दोन मापांचे.
घुबड कोण ठेवतं, बाई, लग्नसराईच्या धंद्यात?

'मग जागा सोडा,' म्हणाल्या.
'घुबडाला दोन अक्षरांची. पाण्याच्या लाटेला तीन.
मी हातानं भरेन.'

कॉलेजात तीस वर्षं त्यांनी प्राचीन इतिहास शिकवला.
फळ्यावर नदी काढायच्या आणि सांगायच्या,
नकाशात वर आहे तो खालचा देश,
खाली आहे तो वरचा.
पोरं हसायची. परीक्षेत उलटं लिहायची.
लिपी त्या शिकल्या टपालानं.
जर्मनीतल्या कुणा म्हाताऱ्या मास्तराला वही पाठवायच्या,
सहा आठवड्यांनी लाल शाईत कळायचं
की सापाचं शिंग राहिलंय.
घरात तेलुगू, वर्गात मराठी, पाकिटावर इंग्रजी,
आणि रात्री, शेजारच्यांचा माग थांबला की,
ती पक्ष्यांची भाषा.

प्रुफं तपासताना एक पान मोठ्यानं वाचलं.
खापरावर लिहिलेली हजेरी होती,
राजाचं थडगं खोदणाऱ्या कामगारांची:
हा गैरहजर, विंचू चावला.
तो गैरहजर, भावाला गुंडाळायला गेला.
तो तिसरा, दारू गाळत बसला.
'आमचे नाना गिरणीत साचेखात्यात होते,' बाई म्हणाल्या,
'तिथल्या मस्टरात यापेक्षा वेगळं काय होतं?
फक्त दारूचं कोणी लिहायचं नाही.'

इजिप्तला त्या एकदाच गेल्या.
फंडातून पैसे काढून, अठ्ठावन्नाव्या वर्षी,
डब्यात शेंगाचटणी आणि कडक भाकरी.
सोन्याच्या मुखवट्यापुढे ही गर्दी.
बाई बाजूच्या काचेशी, एका चिंधीपाशी,
भिंग लावून उभ्या आणि मोजतायत,
ताणा किती, बाणा किती.
पहारेकऱ्यानं दोनदा हटवलं.
तिसऱ्यांदा त्यांना सांधा दिसला.
धागा तुटलेला, कुणीतरी घाईत जोडलेला,
जरा जाड, जरा वाकडा.
'संध्याकाळचं काम,' त्या मला म्हणाल्या.
'उजेड गेला की असाच बसतो सांधा.'
पुस्तकाचा सातवा भाग सगळा त्या सांध्यावर आहे.
परीक्षणात कोणीतरी लिहिलं: अनावश्यक विस्तार.

प्रती तीनशे.
एप्रिलभर बाई माझ्या गल्ल्यामागे बसून
रिकाम्या जागा भरत होत्या.
ऊन चव्वेचाळीस, शाई टाकात सुकायची,
ओलं फडकं डोक्यावर, दुसरं दौतीभोवती.
मला त्यांचं नाव लिहून दाखवलं:
पाय, लाव्याचं पिल्लू, हात,
परत पिल्लू, दोन बोरू.
'आणि बघा, सगळे पक्षी एका बाजूला बघतात,
एकटं घुबड आपल्याकडे तोंड करतं.'
'ते काय म्हणतं?'
'म,' म्हणाल्या. 'नुसता म.'

एकशे सत्त्याऐंशी प्रती झाल्या.
मग हात कापायला लागला, मग डोळे,
मग त्या आल्याच नाहीत.

उरलेल्या माझ्या माळ्यावर आहेत.
मी एकदा प्रयत्न केला. कोंबडी झाली.

मागल्या महिन्यात नान्नजचा एक पोरगा आला,
माळावर दुर्बीण घेऊन फिरणारा, वनखात्याचा रोजंदार.
कुठून ऐकलं कोण जाणे, ते पुस्तक मागितलं.
त्यानं पानं उलटली.
'ओ, इथं काहीतरी छापायचं राहिलंय की.'
मी म्हटलं, हो.
माझी कोंबडी बघून तो खूप हसला,
मग हसता हसता थांबला,
खिशातून पेन काढलं आणि विचारलं,
'कान असलेलं की बिनकानाचं?'

आता हे कुणाला विचारू?