डावी बाजू

चिक्कोडीच्या आर.टी.ओ.मागं मोकळं रान आहे.
सकाळी आठपासून गाड्या तिथं येऊन थांबतात
दवाखान्याबाहेर माणसं थांबावीत तशा.
उसाच्या दोन ट्रॉल्या, शाळेची पिवळी बस,
एकच दार उघडणारा एक टेम्पो,
आणि मधे बायाक्काची पांढरी मारुती,
कागलची, सोळा वर्षांची,
गुडघ्यांना क्लच झेपेना म्हणून मला दिलेली.

उपाध्ये एजंट फाईल काखेत धरून सांगतो,
"कोल्हापूरची एनओसी आली, टॅक्स भरला,
आता तेवढी गाडी पास व्हायची ऱ्हायलीया."

पास.
बायाक्का बावन्नाव्या वर्षी गाडी शिकली,
आठाच्या आकड्यावर तीनदा नापास झाली,
चौथ्यांदा साहेबानंच हात जोडले म्हणे.
(हे ती सांगते. साहेबाचं म्हणणं
अजून कुणी ऐकलेलं नाही.)

इर्शाद बॉनेट उघडून वाकला.
चिंधीनं पुसलं, थुंकी लावून परत पुसलं,
पातळ कागद दाबून धरला
आणि पेन्सिल आडवी करून घासत गेला.
धुरकट पट्ट्यातून एकेक आकडा वर आला,
लहानपणी चार आण्याचा सिंह यायचा तसा.
बायाक्कानं हा नंबर कधी बघितलाही नसेल.
दोन बाळंतिणी, सुटी केलेली पिठाची गिरणी
आणि दर उन्हाळ्यात संकेश्वरची मिरची
तिनं ह्याच आकड्यांवर वाहून नेली,
सगळी गाडी शिंकत.

कळ्ळीमनी साहेब आले. चष्मा कपाळावर.
"हॉर्न होडीरी."
मी वाजवला. ट्रॉलीवरचा कावळा उडाला.
"लाईट."
लावली.
"ब्रेक."
दाबला.
"एडगडे इंडिकेटर."
कांडी वर ढकलली.
काही नाही.
साहेबांनी माझ्याकडं बघितलं,
मी उपाध्येकडं,
उपाध्येनं आभाळाकडं.

आणि मला एकदम आठवलं.
डावं वळण आलं की बायाक्का म्हणायची,
"हात काढ गं भाईर."
मी काढायची. बांगड्यांसकट.
एवढी वर्षं मला वाटत होतं
तिला सोबत लागते,
नणंदेवर जीव आहे,
म्हणून बाजाराला मला घेऊन जाते.
जीव असेलही.
पण ह्या गाडीचा डावा इंडिकेटर
मी होते.

हसू आवरेना. साहेबांना वाटलं रडतेय,
ते ट्रॉलीकडं वळले.
तेवढ्यात इर्शादनं चाळीस रुपयांचा बल्ब घातला,
काचेवर टिचकी मारली.
टिक. टिक. टिक.
फॉर्मवर कन्नडमधून काहीतरी लिहिलं गेलं,
शिक्का बसला, थोडा वाकडा.
"पाच वर्सं," उपाध्ये म्हणाला,
"पाच वर्सं कोण इचारत न्हाई."

फोन आलाच. "पास झाली काय गं?"
"झाली."
"कितव्या खेपंला?"
"दुसऱ्या."
"माझ्यापरीस हुशार हाय."

महिन्यानं नवी पाटी लावून कागलला निघाले.
आधी एमएच-०९ बघून
अलीकडचा पोलीस शिट्टी मारायचा.
आता कोगनोळीचा नाका ओलांडला, तर
केए-२३ बघून पलीकडच्यानं हात केला.
"कर्नाटकची काय? कागदं."
दिली. त्यानं कन्नडची बाजू
बराच वेळ मन लावून वाचली,
उलटी धरून.
"जावा."

बायाक्का दारातच उभी होती.
गाडीभोवती एक फेरी मारली,
पाटीवर बोट फिरवलं,
काही बोलली नाही.
मग डाव्या सीटवर बसली,
पदर खोचला, काच खाली केली.
"चल, गैबी चौकापातूर."
पहिलंच वळण डावं.
मी कांडी वर केली, टिक टिक सुरू झाली,
आणि मी काही म्हणायच्या आत
तिनं हात बाहेर काढला.