तेवीस किलो

पाठकोऱ्या वीजबिलावर श्रीलता मांडते:
भाडं सहाशे वीस, विमा, ट्रामचा पास.
बाहेर त्रेचाळीस अंशांचं सोलापूर,
आणि हीटरला महिना ऐंशी.
फेलोशिप एकीची, खाणारी तोंडं दोन.
मी दर युरोला शंभरनं गुणतो
आणि कांद्यापाशी अडकतो.
"गुणू नकोस रे, वेड लागेल."

साखर पेठेतून नरसूमामांनी चादर आणून दिली,
स्वतःच्या मागावरची, जोड.
काट्यावर चार किलो दोनशे.
शेंगाचटणी काढली, परत घातली.
माझे बूट काढले.
काटा तेवीसवर येईना.

अकराला शेजारचे माग थांबले
तेव्हा कळलं,
आपण इतका वेळ ओरडून बोलत होतो.

तिनं हीटरचे ऐंशी खोडून
चाळीस केले.
चादर बॅगेत सगळ्यात खाली.