मागच्या शॉटशी जुळत नाही

माझं काम एवढंच:
सिगरेट किती जळली होती, हॅट कुठल्या हातात,
वरून तिसरं बटण लागलेलं की सुटलेलं,
वहीत टिपून ठेवायचं.
सतरा वर्षं, नऊ चित्रपट,
कॅमेऱ्याच्या डाव्या चाकाशी माझी घडीची खुर्ची.

ऑटिस क्रेलला तो बेकर्सफील्डच्या लाकूडवखारीत सापडला
असं स्टुडिओ छापायचा.
खोटं. लॉयल मॅकाबी तेव्हा टाय विकायचा
आणि दुकानातल्या आरशात बघत चालायचा.
पहिल्याच दिवशी क्रेल म्हणाला, "नाचतोस काय? चाल."
बारा टेक वाया गेले.
मग क्रेल वाकला,
वाळवंटातला एक खडा उचलला, हरभऱ्याएवढा,
आणि मॅकाबीच्या उजव्या बुटात टाकला.
"आता चाल."

पुढं त्या चालीनं गावोगावची पोरं चालली.
समीक्षकांना तिच्यात युद्ध दिसलं, एकाला तर देव.
खड्याचं नाव श्रेयनामावलीत कधी आलं नाही.

दोघं फारसं बोलत नसत.
याचं बोट वर, त्याची हॅट खाली,
झालं.

सातव्या चित्रपटात घोडा कोसळला,
स्टंटवाल्या डेन्टन पोराचा पाय गुडघ्यातून गेला,
आणि क्रेल म्हणाला, "प्रिंट करा."
मॅकाबीनं हॅट माझ्या मांडीवर ठेवली
आणि तीन वर्षं फिरकला नाही.
दुसऱ्यांकडं चार चित्रपट केले, पैसा रग्गड.
मी सगळे पाहिले, मॅटिनीला, एकटी.
चाल तीच, पण दुखत कुठंच नव्हतं.

परतला तोवर क्रेलची नजर गेली होती.
विमेवाल्यांपासून आम्ही ते लपवत होतो.
तो डोळे मिटून टेक ऐकायचा.
एकदा म्हणाला, "खडा नाहीय आज."
साठ माणसं थांबलेली, ऊन उतरणीला,
आणि मॅकाबी, पन्नाशी उलटलेला, लाखांचा करार खिशात,
गुडघ्यांवर बसून निमूट
मातीत बोटं फिरवत राहिला.

ग्लेनडेलला पेटीला खांदा द्यायला तो पुढं होता, उजवीकडं.
मी बूट पाहिले. सवयच ती.
तो सरळ चालला. ताठ, देखणा,
समोर आरसा असल्यासारखा.

पर्समध्ये पेन्सिल सापडली, वही नव्हती.
प्रार्थनेच्या छापील कागदामागं लिहिलं:
सकाळचे दहा चाळीस. ऊन डावीकडून.
टाय काळा, गाठ थोडी सैल.
उजवा पाय
मागच्या शॉटशी जुळत नाही.