चढउतार बंद

पहिल्यांदा ऐकलं ते रात्री अडीचला.
शिटीतला मणी ओला होऊन अडकावा
तसा आवाज, खुराड्यातून.
एकतीस वर्षं म्हापसा–डिचोली गाडीच्या दारात
तोंडात शिटी धरून उभा राहिलोय,
मला कळतं शिटी कधी बिघडते.

टॉर्च मारला. नवीच होती.
शुक्रवारच्या बाजारातून आणलेली,
पाय सुंभाने बांधून, डोकं पिशवीबाहेर.
तांबूस, अंगाने भरलेली. बाईने घासाघीस केली नाही,
तेव्हाच ओळखायला हवं होतं.
नाकपुडीवर बुडबुडा. एक डोळा
भिरंडीच्या बीएवढा सुजून मिटलेला.
आणि तिला चिकटून, उबेला, बाकीच्या अकरा.

माझ्या कोंबड्यांना बसगाड्यांची नावं आहेत.
सातेरी कृपा. दर्यावर्दी. नवी पहाट.
मारिया द्वितीय, ही शेजारच्या पिएदादची,
अंडी उबवायला म्हणून माझ्याकडे आलेली.
पिएदाद कुंपणावरून म्हणाली,
"किदें रे जालें? तुज्यो कोंबयो खोंकतात."
हळद सांगितली, लसूण सांगितली, फेणीचे दोन थेंब.
सगळं केलं. फेणी थोडी मीही घेतली.
चौथ्या दिवशी सहाजणी शिंकत होत्या.

डॉक्टर शिंक्रे आल्या. आडनावावरचा विनोद
त्यांनीच आधी करून टाकला.
घशात कापूस फिरवला, नमुना पाठवला.
आठ दिवसांनी फोन: बातम्यांतला तो मोठा रोग नव्हे.
पावडर पाण्यात, पाच दिवस.
ओला भुसा काढा, जाळा.
आधी धडधाकट, मग आजारी, चपला वेगळ्या.
मी वहीत लिहून घेत होतो.
मग त्या म्हणाल्या, बऱ्या होतील,
खातील, अंडी घालतील,
आणि आत रोग घेऊन फिरतील. जन्मभर.
एक तर सगळ्या काढा आणि जागा उन्हात टाका,
नाही तर फाटक बंद.
नवी आत नको, इथली बाहेर नको,
शेवटची मरेपर्यंत.

म्हणजे कुणी चढायचं नाही, कुणी उतरायचं नाही.
तसंच, त्या म्हणाल्या.

नवी आणि दर्यावर्दी, दोघींना श्वासच पुरेना.
त्यांचं मी केलं, मागे, माडापासून लांब.
हात कापला नाही.
ते मला आवडलं नाही.
वर चुना टाकला, चुन्यावर दगड.

उरल्या नऊ, आणि एक कोंबडा.
तो कोंबडा बोललेला होता राखणदाराला,
थोरल्याला बोटीवरून बोलावणं आलं तेव्हा.
रोट आणि सोरो घेऊन सांजवेळी वेशीवर गेलो.
म्हटलं, कोंबडा आहे, नाही असं नाही.
पण त्याला उचलून इथवर आणायचा
म्हणजे वाटेतल्या बारा घरांच्या अंगणांवरून.
तूही वेस राखतोस. तुला कळेल.
पिंपळाने काही सांगितलं नाही.
मी ते होकारातच धरलं.

भाचीला तलंगा हव्या होत्या, दोन.
म्हटलं, अंडी ने, खायला ने, उबवू नकोस.
तिने नेली नाहीत.
पिएदाद तर पंधरा दिवस बोलली नाही.
मारिया माझी, ती म्हणते, माझी मला दे.
तुझीच, मी म्हणतो, पण आता या गाडीत बसलीय.
काल मात्र कुंपणावर नाचणीची पुडी ठेवलेली दिसली.
चिठ्ठी नाही. कोणासाठी ते मी ओळखलं.

संध्याकाळी मोजतो, सवयीने, मागून पुढे.
दहा.
पुढल्या चवथीला आठ असतील, मग पाच,
मग एखादी म्हातारी, आख्खं खुराडं तिला.
तेव्हा मीही किती असेन, कोण जाणे.

नवी पहाट अजून रात्री किंचित घरघरते,
थंडी पडली की जास्त.
मी अंथरुणात पडल्या पडल्या ओळखतो कोण ते.
आणि पहाटे कोंबडा. आवाज गेलेला,
पहिली हाक बरी, दुसरी फाटकी,
तिसरी निम्म्यात बसते,
डिचोली, डिचोली ओरडून
अस्नोड्याच्या पुलावर माझी बसायची तशी.
तरी तो पुकारतो.
मी उठून पाणी बदलायला जातो,
चपला बदलून.