दोन प्रती, पाठपोट

कॉलेजच्या फाटकासमोर माझं झेरॉक्सचं दुकान.
कुडचड्यात खाणीचे ट्रक कधीचे थांबले,
तरी काचेवर लाल धूळ बसतेच.
रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसतो
आणि मगच कुणाचं नशीब पालथं ठेवतो त्या काचेवर.

बावीस वर्षं मी या टीमचा माणूस.
इथं शिकलो नाही. बारावीलाच घसरलो.
पण मॅच असली की शटर अर्धं खाली,
आणि बांधावर, काजूच्या झाडाखाली
मी, पदेर रोमाल्द आणि रिटायर पोस्टमन शाबा गावकर:
पंचाला शिव्या कोंकणीत, देवाला नवस मराठीत.

यंदा फोंड्याच्या कॉलेजनं आम्हाला सहा घातले.
सहा!
बॉल आला की आमचा गोलकीपर डोळे मिटायचा,
जशी कुणी जवळ फटाक्याची माळ लावलीय.
शाबा म्हणाला, "हो खंयचो?"
रोमाल्द म्हणाला, "स्केटिंगचो."
क्रीडा कोट्यातून आलाय. सर्टिफिकेट आहे राज्य पातळीचं.

आहे, हे मला ठाऊक होतं.
त्याची कलर झेरॉक्स मीच काढलेली,
आणि पाहिलंही होतं की गेल्या जूनमध्ये
दुसऱ्याच एका मुलाच्या सर्टिफिकेटावर
हाच नंबर होता, हीच सही,
सहीशेजारी शाईचा हाच ठिपका.
तीस रुपये घेतले. लॅमिनेशनसकट.

प्राचार्य म्हणतात, कमिटी येणार, दर्जा हवा.
म्हणून कट-ऑफ वर. म्हणून जिमला काचेची भिंत,
भिंतीआड ट्रेडमिल, ट्रेडमिलवर अजून प्लास्टिक.
मैदानाचा पूर्वेचा कोपरा, जिथून आमचे कॉर्नर वळायचे,
तिथं पेव्हर घातलेत, स्टाफच्या गाड्या लागतात.
आणि डिसेंबरभर लग्नं;
पेनल्टीच्या ठिपक्यात मांडवाचा खांब.

आम्ही अर्ज दिला. तीनशे सह्या.
टाईप मी केला, फुकट.
पोच मिळाली. शिक्का गोल होता,
त्या मोसमात आमच्या बाजूनं झालेला एकुलता गोल.

कुष्टा वेळीप रिवणचा. सत्तेचाळीस टक्के.
प्रवेशाच्या दिवसांत आला होता
फाईल शर्टाच्या आत धरून,
पंजे असे की काउंटर लहान वाटावा.
दोन प्रती, पाठपोट.
शाळेच्या फायनलला त्यानं तीन पेनल्टी अडवलेल्या,
मी होतो तिथं, माझा घसा आठवडाभर बसला होता.
म्हटलं, "तुला घेतलं नाही तर
या शटरला मी कायमचं कुलूप लावीन."

यादी लागली. तो नव्हता.
शटर उघडंच आहे.

हे सगळं मी बांधावर मोठ्यानं सांगतो.
एवढं मात्र सांगत नाही:
क्रीडा कोट्यातल्या पाचांपैकी चार जागा कापून
गुणवत्ता यादीला जोडल्या,
आणि त्या यादीत, अगदी तळाच्या ओळीत, माझी शर्वाणी.
ब्याऐंशी टक्के. स्वतःच्या बळावर, खोटं नाही.
पेढे वाटले. रोमाल्दनं दोन खाल्ले.
रात्री एका बिघडलेल्या प्रतीच्या पाठीवर
मी हिशेब मांडला,
आणि उत्तर यायच्या आत खोडला.

काल कुष्टा आला. लायसन्सची झेरॉक्स हवी होती,
चिऱ्यांच्या ट्रकावर लागलाय.
मशीनवर शर्वाणी होती. काही न विचारता
दोन प्रती, पाठपोट.
सुट्टे देता देता माझ्या हातून नाणं निसटलं,
काउंटरच्या कडेवरून उडालं.
त्यानं बघितलंसुद्धा नाही.
डावा हात खाली गेला
आणि नाणं जमिनीला लागलंच नाही.

"वा!" शर्वाणी म्हणाली.
मी ड्रॉवर उघडला. मग बंद केला.

आज मडगावच्या टीमशी मॅच, साडेतीनला.
रोमाल्द दोनदा हाक मारून गेला.
शटर अर्धं खाली ओढलंय;
आत राहावं की बाहेर
ते ठरत नाही.