ओमेना नसलेले दिवस

महिन्यातले चार-पाच दिवस ओमेना मिळत नाही.
चंद्र भरला की सरोवरभर इतका उजेड सांडतो
की आमच्या कंदिलांना कोण विचारतंय?
मासा खाली खोलात राहतो, होड्या काठावर पालथ्या.
पुरुष जाळी शिवतात, झोपतात, भांडतात.
आणि आम्ही बायका
हे दिवस प्रभूला देतो,

म्हणजे असं, की
सोमवारी गायनमंडळाचं निळं कापड मोजायचं,
मंगळवारी झब्लोन पाळकांच्या ओट्यावर हिशेब
(छपराचे पत्रे अजून अकरा कमी),
बुधवारी कुणाची तरी मयत,
दोनशे माणसांची उगाली घोटायची,
ओली लाकडं, धूर.
गुरुवारी उपासाची प्रार्थना, तीही मीच चालवायची.
उपास असल्यामुळे चहाचं बघावं लागत नाही,
तेवढीच सवड.

"पर्पेचुआ आहे ना," म्हणतात सगळे,
आणि मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू.
देवळातल्या घंटेलासुद्धा दोर लागतो,
मला नुसती हाक पुरते.

या पौर्णिमेला
तसं फार काही झालं नाही.
पहाटे सवयीने उठले, सवयीने टोपली घेतली,
किनाऱ्यावर येऊन उभी राहिले तेव्हा आठवलं
की आज होड्या यायच्याच नाहीत.
मासे वाळवायची जुनी जाळी नुसतीच अंथरलेली,
त्यांवर मागच्या खेपेच्या खवल्यांची चकाकी.
कंबर म्हणाली, बस.
बसले.

प्रार्थना करावी म्हणून डोळे मिटले
तर यादी सुरू झाली:
पत्रे, कापड, ओबिएरोच्या शाळेची फी,
दोर्काचा मोठा डेग परत द्यायचाय.
देवापुढेही मी हिशेबाची वही उघडूनच बसते
आणि तो बिचारा, मला वाटतं,
इतकी वर्षं नुसता सही करत आलाय.

मग यादी संपली.
यादीला शेवट असतो हे मला ठाऊकच नव्हतं,
कारण तिथवर मी कधी बसलेच नव्हते.

त्यापुढे पाणी.
पाण्यावर मावळता चंद्र, घासून पालथं घातलेल्या ताटासारखा.
गळ्यात पिशवी लोंबणारा एक टकला करकोचा
जाळ्यापाशी आला, मासे नाहीत हे पाहून
माझ्याकडे बघत राहिला,
जणू मीच वर्गणी बुडवली.
मी हसले, एकटीच.
देवासमोर याआधी कधी हसले होते का,
आठवेना.

असल्याच एका सरोवरावर, वादळात,
होडीच्या मागच्या बाजूला उशीवर डोकं ठेवून
तो झोपला होता, हे मी मुलांना दरवर्षी सांगते
आणि दरवर्षी घाईघाईने लाटांकडे वळते.
लाटा कशा थांबल्या ते मुलांना आवडतं.
झोपेबद्दल कुणी विचारत नाही.
उशी कुणाची होती? की जाळ्याचीच घडी?
दिवसभर माणसांनी ओरबाडलेला एक माणूस
कामं शिल्लक असताना झोपला.
कामं शिल्लक असताना.

फोन वाजला. झब्लोन पाळक.
लेसोच्या टोकात मी त्याला गुंडाळलं,
गांधीलमाशी धरावी तसं.
थोडा वेळ घरघरला, मग गप्प झाला.

ऊन चढेपर्यंत तिथंच होते.
दर्शन वगैरे काही झालं नाही.
पायाला मुंग्या आल्या,
लेसोला खवले चिकटले, ते अजून निघत नाहीत.

पत्रे अकराच कमी आहेत.
गुरुवारी मी म्हटलं, आज दुसरं कुणी चालवा,
तर एवढी शांतता पसरली
की शेवटी दोर्कानेच खोकून सुरुवात केली,
चुकतमाकत, वचनाचा आकडासुद्धा चुकवून.
मी जीभ चावली.
मागच्या बाकावर चपला काढून बसून राहिले
खोल पाण्यातल्या माशासारखी;
वर कुणाचा कंदील फिरतोय,
फिरू दे.