पावणेचारची कातरवेळ

कुशिरोच्या बंदरात डिसेंबरमध्ये
पावणेचारलाच कातरवेळ होते.
पूर्वी मला ते सोयीचं वाटायचं.
अंधार पडल्याशिवाय प्यायची नाही
असा माझा नियम होता,
आणि अंधार बिचारा लवकर यायचा.

आज एकेचाळिसावा दिवस.
फाटकं जाळं मांडीवर घेऊन बसलोय.
सुई आत, गाठ, सुई बाहेर.
हात आता थरथरत नाहीत.
सांगण्यासारखं एवढंच.
मोरिहितोनं, धाकट्या भावानं, फोनवर विचारलं,
“मग, आता छान वाटत असेल?”
म्हटलं, हो.
फोन ठेवला आणि रॉकेलच्या शेगडीपुढे
अंगात कोट तसाच ठेवून
तासभर बसलो.

सोडल्यावर हे येतं
असं कुणी बोललं नव्हतं.
रडू नाही. रडू आलं असतं तर बरं.
अळणी भातासारखं काहीतरी,
चावायचं, गिळायचं,
बघावं तर ताट भरलेलंच.
सेत्सुए ओबिहिरोला बहिणीकडे गेली
त्याला वर्ष होईल.
तिच्या सपाता दारात आहेत.
आधी त्यांना अडखळून पडायचो,
आता वळसा घालून जातो.
वळसा घालताना त्या दिसतात.

बुधवारी तळघरात आमची मंडळी जमतात.
घडीच्या लोखंडी खुर्च्या, भाजलेल्या पानांचा चहा.
माझी पाळी आली.
“मी शिगेहारू. प्यायलो नाही.
पण कशातच जीव रमत नाही.”
टाळ्या वाजल्या नाहीत, ते बरं झालं.
ओरिएबाईंनी शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म काढलाय.
बाहेर बूट चढवताना म्हणाल्या,
“चार वाजता काय खातोस?”
काही नाही.
“मग खा. आणि काय खाल्लंस ते मला कळव.”
मी काहीतरी मोठं ऐकायला थांबलो होतो.
त्या बर्फातून निघूनही गेल्या.

तर आज, पावणेचार.
दारूच्या दुकानाबाहेरचं यंत्र
कातरवेळेत देव्हाऱ्यासारखं उजळलेलं.
वरच्या रांगेत माझा नेहमीचा डबा.
खालच्या रांगेत, लाल पट्टीखाली, गरम काही.
नाणी हातात किती वेळ होती, माहीत नाही.
एक कुरव धक्क्यावरून माझ्याकडे बघत होता,
त्याला वाटलं असेल मासळी आहे.

मक्याचं सूप घेतलं.
डबा इतका गरम की आधी बाहीत धरला,
मग गालाला लावला,
मग प्यायलो.
मन काही उजळलं नाही.
पोट गरम झालं, ते मात्र खरं.

बाईंना फोन केला. “मक्याचं सूप.”
“दाणे तळाशी राहिले असतील,” त्या म्हणाल्या,
“सोडू नकोस.”

डबा उपडा धरून बुडावर थापट्या मारल्या.
तीन दाणे आले.
चौथा आत वाजतोय,
अजून येत नाही.